‘ओळखणे’ या क्रियापदाच्या मर्यादा : टी-पेशी, इन्फ्ल्युएंझा आणि मराठी विज्ञानगद्य

शरीरातील टी-पेशी इन्फ्ल्युएंझाच्या विषाणूला ‘ओळखतात’ आणि त्याचा ‘नाश करतात’, अशा आशयाचे वाक्य मराठीतील पाठ्यपुस्तकांपासून वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक पुरवण्यांपर्यंत वारंवार भेटते. वाक्य लहान आहे, सुबोध आहे, व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. अक्षरशः घेतल्यास मात्र त्याचे दोन्ही भाग चुकीचे ठरतात. मारक टी-पेशी अखंड विषाणूला कधी ओळखत नाही. आणि ती जिचा नाश करते ती शरीराची स्वतःची, विषाणूने ग्रासलेली पेशी असते. वाक्यातील कर्ता तेवढा खरा, कर्म चुकलेले आणि पहिले क्रियापद संशयास्पद, अशी ही स्थिती आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की, हा लाक्षणिक प्रयोग आहे. पेशीला डोळे नसतात हे वाचकाला कळते, तेव्हा भाषाशास्त्राने येथे हटकण्याचे कारण काय? आक्षेप वरवर सबळ आहे. परंतु लक्षणेसाठी आपल्या साहित्यशास्त्राने घातलेली पहिली अट मुख्यार्थाच्या बाधाची आहे. नदीच्या प्रवाहावर गवळीवाडा आहे असे कोणी म्हटले, तर प्रवाहावर घर उभे राहत नाही हे ऐकणाऱ्यास आधीच ठाऊक असते. म्हणूनच तो आपोआप काठाकडे वळतो. टी-पेशीविषयीच्या वाक्यात ही सोय नाही. पेशी कशाला ओळखते, संपूर्ण विषाणूला की त्याच्या एखाद्या अंशाला, पूर्वपरिचयाने की त्याविना, यांपैकी काहीच वाचकास ठाऊक नसल्यामुळे बाध जाणवण्याचा मार्गच उरत नाही. लक्षणा म्हणून योजलेला शब्द अभिधा म्हणून स्वीकारला जातो. काव्यात जो अलंकार ठरला असता तो येथे माहिती म्हणून नोंदला जातो. आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यात, जेथे हीच माहिती मराठीतून पुढे कोलामी, गोंडी वा गोरमाटी बोलणाऱ्या घरांपर्यंत तोंडी पोचावयाची असते, तेथे चूक एका भाषेपुरती राहत नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहिली पाहिजे. इन्फ्ल्युएंझा-ए विषाणूच्या पृष्ठभागावर हीमॲग्लुटिनिन व न्यूरॅमिनिडेज ही दोन ठळक प्रथिने असतात. रक्तात आणि श्वासमार्गातील स्रावांत वावरणारी प्रतिपिंडे या पृष्ठभागाच्या घडणीला येऊन चिकटतात. मराठीत ज्याला ‘तोंडओळख’ म्हणतात तशातला हा प्रकार आहे. आणि विषाणूचे तोंड थोडेथोडे बदलत राहत असल्यामुळे ती ओळख लवकर शिळी होते. मारक टी-पेशीचा मार्ग याहून वेगळा आहे. विषाणू श्वासमार्गाच्या पेशीत शिरला की तेथे आपली प्रथिने बनवून घेतो. पेशी तर आपल्या आतील प्रथिने, घरची कोणती आणि बाहेरची कोणती असा भेद न करता, नित्य कापत असते. या तुकड्यांपैकी काही, साधारणपणे आठ ते दहा अमिनो अम्लांच्या लांबीचे, एका विशिष्ट प्रथिनाच्या खाचेत बसवले जातात आणि पेशीच्या पृष्ठभागावर आणून ठेवले जातात. मनुष्यात या वाहक प्रथिनांना एच. एल. ए. असे नाव आहे. एका पेशीवर ती लाखभर असू शकतात आणि निरोगी पेशीत त्या सर्वांवर घरचेच तुकडे असतात. टी-पेशीचा ग्राही चाचपतो तो खाच आणि तुकडा मिळून झालेला आकार. एकटा तुकडा त्याला पुरत नाही, एकटी खाचही पुरत नाही.

हे ज्ञान एका दिवसात आलेले नाही. १९७४ साली रॉल्फ झिंकरनागेल व पीटर डोहर्टी यांनी कॅनबेरा येथे उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की, विषाणूग्रस्त पेशीला मारण्यासाठी त्या पेशीवरील ‘स्वकीय’ प्रथिन टी-पेशीच्या परिचयाचे असावे लागते. या कार्यासाठी त्यांना १९९६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा विषाणू इन्फ्ल्युएंझाचा नव्हता. इन्फ्ल्युएंझाच्या बाबतीतला निर्णायक पुरावा ॲलेन टाउनसेंड व त्यांचे सहकारी यांनी १९८६ साली दिला. विषाणूच्या अंतर्भागात असणाऱ्या न्यूक्लिओप्रथिनाचे लहान, प्रयोगशाळेत तयार केलेले तुकडे बाहेरून लावले तरी टी-पेशी त्या पेशीला विषाणूग्रस्त समजून मारतात, असे त्यांना आढळले. म्हणजे विषाणू मुळीच हजर नसताना ‘ओळख’ घडली! पाठ्यपुस्तकी वाक्याच्या विरोधात याहून बोलका साक्षीदार मिळणे कठीण. पुढच्याच वर्षी, १९८७ साली, पामेला ब्यॉर्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एच. एल. ए.-ए-२ या प्रथिनाची स्फटिकरचना प्रसिद्ध केली, आणि तोवर केवळ तर्काने मानलेली खाच प्रत्यक्ष दिसली.

सर्वांत अधिक अभ्यासला गेलेला तुकडा विषाणूच्या एम-१ या आतील प्रथिनातील आहे. नऊ अमिनो अम्लांचा हा तुकडा, ५८ ते ६६ या क्रमांकांचा, एच. एल. ए.-ए-२ च्या खाचेत बसतो. ग्लायसीन, आयसोल्यूसीन, ल्यूसीन, ग्लायसीन, फेनिलॲलानीन, व्हॅलीन, फेनिलॲलानीन, थ्रिओनीन, ल्यूसीन असा त्याचा क्रम आहे. यांतील दुसरे आणि नववे हे घटक खाचेच्या तळाशी रुततात. ते पकडीसाठी असतात, दर्शनासाठी नव्हेत. टी-पेशीच्या ग्राहीला सामोरा येतो तो मुख्यतः मधला भाग. प्रतिलेखन, भाषांतरण, संकेत, अक्षर हे सारे शब्द जीवशास्त्राने भाषाव्यवहारातूनच उचलले; त्यामुळे टी-पेशी नऊ अक्षरांचा शब्द ‘वाचते’, असे म्हणण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तो आवरलेला बरा. वाचणाऱ्याला शब्दातील प्रत्येक अक्षराचे स्थान कळते. येथे काही अक्षरे पालथी पडलेली असतात आणि उरलेल्यांचे उंचसखलपण तेवढे बोटाला लागते. लिपीपेक्षा ठसा ही उपमा अधिक जवळची ठरेल.

आता मूळ क्रियापदाकडे वळता येईल. ‘ओळखणे’ या शब्दाच्या मुळाशी ‘लक्ष्’ हा धातू आहे. ‘लक्षण’, ‘उपलक्षण’ ही त्याच कुळातील नावे. व्युत्पत्तीच्या पातळीवर म्हणजे ‘ओळख’ ही खुणेवरूनच होणारी गोष्ट आहे, आणि तेथवर विज्ञानाशी तिचा विरोध नाही. विरोध सुरू होतो तो रूढ अर्थात. आजच्या मराठीत ओळखीला पूर्वपरिचय लागतो. ‘माझी त्यांची ओळख आहे’, ‘ओळख काढली’, ‘ओळख दिली नाही’, या सर्व प्रयोगांत मागे केव्हातरी भेट झालेली असते. वऱ्हाडी बोलीत ‘वळख’ आणि ‘वळखीचा माणूस’ म्हटले की हा पूर्वपरिचय आणखी गडद होतो. तेथे वळखीला उसनवारीचे, सोयरिकीचे, साक्षीचे मोल असते. पण ज्या टी-पेशीने विषाणूचा तुकडा पूर्वी कधी पाहिला नाही, तिचा ग्राही त्या तुकड्याशी जुळतो तेव्हा तेथे परिचयाचा लवलेशही नसतो. ग्राहींची विविधता जनुकांच्या तुकड्यांच्या यदृच्छ जुळणीतून, विषाणू येण्यापूर्वीच, निर्माण झालेली असते. असे कोट्यवधी निरनिराळे ग्राही शरीरात फिरत असतात आणि त्यांतील एखादा योगायोगाने या तुकड्याला बसतो.

भारतीय दर्शनांनी या जागी एक उपयुक्त भेद करून ठेवला आहे. ‘हा तोच’ असे ज्ञान, ज्यात पूर्वानुभवाची स्मृती आणि समोरचे दर्शन एकत्र येतात, त्याला प्रत्यभिज्ञा म्हणतात. टी-पेशीची पहिली भेट ही प्रत्यभिज्ञा नव्हे. तो तुकडा पूर्वी येऊन गेला असेल आणि त्या वेळी वाढलेल्या पेशींपैकी काही स्मृतिपेशी म्हणून फुप्फुसात वा रक्तात टिकून राहिल्या असतील, तर दुसऱ्या वेळची भेट मात्र प्रत्यभिज्ञेच्या पुष्कळ जवळ जाते. इंग्रजीत दोन्ही प्रसंगी एकच क्रियापद चालते, म्हणून मराठीनेही एकावरच भागवावे असे नाही. पहिल्या भेटीसाठी ‘जुळणे’ आणि दुसऱ्या भेटीसाठी ‘ओळख पटणे’ असे दोन प्रयोग मराठीच्या घरात तयारच आहेत. ‘पटणे’चा आणखी एक लाभ रचनेचा आहे. ‘पेशी तुकडा ओळखते’ यात पेशी हेतुपूर्वक वागणारा कर्ता होते. ‘पेशीला तुकड्याची ओळख पटते’ यात चतुर्थीमुळे तिचे कर्तृत्व ओसरते आणि क्रिया तिच्या ठायी घडून येते. चेतनगुणोक्ती पुरती गेली नाही, पण तिचा सूर उतरला.

‘जुळणे’ या शब्दालाही एक धोका आहे. त्यातून कुलूप-किल्लीची उपमा लगेच डोके वर काढते. विकरांच्या संदर्भात ती एमिल फिशर यांनी १८९४ साली वापरली आणि तेव्हापासून ती जीवशास्त्रात सर्वत्र लावली जाते. किल्ली कुलपासाठीच घडवलेली असते. टी-पेशीचा ग्राही कोणासाठीही घडवलेला नसतो. आठवडी बाजारात जुन्या किल्ल्यांचा ढीग घेऊन बसलेला मनुष्य डोळ्यांपुढे आणावा. त्याच्या ढिगातील एखादी किल्ली तुमच्या कुलपाला लागते, यात त्या किल्लीचा काही उद्देश नसतो. इतकेच की हा ढीग एकदा निवडून काढलेला असतो.

ही निवड छातीच्या हाडामागील एका ग्रंथीत होते, आणि टी-पेशीच्या नावातील ‘टी’ हे तिच्याच इंग्रजी नावाचे आद्याक्षर आहे. १९६१ साली जॅक मिलर यांनी उंदरांच्या पिलांमधून ती काढून टाकून तिचे महत्त्व सिद्ध केले. मराठी परिभाषेत या थायमसला ‘यौवनलोपी ग्रंथी’ असे नाव मिळाले आहे. नाव देखणे आहे आणि शरीररचनेच्या दृष्टीने खोटेही नाही, कारण वयात आल्यावर ही ग्रंथी आकसत जाते. परंतु कोणा गुरूचे नाव त्याच्या निवृत्तीवरून ठेवावे, तसे हे झाले. या ग्रंथीत टी-पेशींची परीक्षा होते: ज्यांचा ग्राही स्वकीय खाचेला मुळीच दाद देत नाही त्या गळतात, आणि ज्यांचा ग्राही स्वकीय तुकड्यांना फार घट्ट धरतो त्यांपैकी बहुतेकही गळतात. उरतात त्या थोड्या. नावात यापैकी काहीच नसल्यामुळे ‘टी-पेशी’ हा शब्द मराठी वाचकाला मुका राहतो. एखाद्या संज्ञेने सर्व सांगावे ही अपेक्षा अवाजवी आहे हे खरे. तथापि दोन गुणांपैकी एक निवडावयाचा असता अंत न निवडता कार्य निवडले असते, तर बरे झाले असते.

‘सादरीकरण’ या शब्दाविषयीही असेच म्हणावे लागते. प्रतिजन ‘सादर करणारी’ पेशी म्हटले की रंगमंच उभा राहतो. मराठीत यासाठी ‘ओळख करून देणे’ हा प्रयोग होता. लसिकाग्रंथीत शाखायुक्त पेशी विषाणूच्या प्रथिनाचा तुकडा आपल्या खाचेत धरून नवख्या टी-पेशींपुढे आणतात, त्या प्रसंगी हाच प्रयोग नेमका बसतो. ओळख करून देणारा मध्यस्थ विश्वासाचा असावा लागतो, हे मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. आणि शाखायुक्त पेशीकडून तुकड्याबरोबर संकटाची दुसरी खूण मिळाली नाही तर टी-पेशी सक्रिय होत नाही, हा शास्त्रीय तपशीलही त्या प्रयोगात सहज सामावतो. अर्थबोधासाठी पदांची नुसती उपस्थिती पुरत नाही, त्यांचे सांनिध्यही लागते, हे मीमांसकांनी सांगितलेच होते.

याहून गंभीर दोष सैनिकी रूपकाचा आहे. ‘शरीराचे सैनिक’, ‘शत्रूवर हल्ला’, ‘संरक्षणाची फळी’ ही पदावली इतकी सर्रास झाली आहे की तिच्यावाचून या विषयावर परिच्छेद लिहिणे लेखकांना अवघड वाटावे. रूपकात सैनिक शत्रूला मारतो. वास्तवात मारक टी-पेशी परफोरिन व ग्रॅन्झाइम या द्रव्यांनी आपल्याच श्वासमार्गाची पेशी मारते, जेणेकरून तिच्यातून पुढचे विषाणू बाहेर पडू नयेत. एवढा फरक कोणी दुर्लक्षणीय मानील. पण त्याच्या अभावी इन्फ्ल्युएंझाच्या आजाराचे स्वरूपच कळत नाही. तापातले अंगदुखणे, ग्लानी, प्रसंगी फुप्फुसाची गंभीर हानी, यांत शरीराच्या स्वतःच्या प्रतिसादाचा मोठा वाटा असतो. सैनिकी रूपकाला हे सांगताच येत नाही. शत्रूने घर जाळले एवढेच त्याला ठाऊक. आग पसरू नये म्हणून घरच्यांनीच शेजारची गंजी मोडून टाकली, हे त्याच्या शब्दकोशात नाही.

‘प्रतिकारशक्ती’ हा शब्दही याच कुटुंबातला. मराठीत ‘शक्ती’ जोडलेली नामे परिमाणाची असतात: पचनशक्ती कमी होते, स्मरणशक्ती वाढते. साहजिकच प्रतिकारशक्तीही कमी-अधिक होणारी, काढ्याने वाढणारी, धट्ट्याकट्ट्या माणसात भरपूर असणारी वस्तू ठरते, आणि जाहिरातींचा सारा डोलारा या एका उत्तरपदावर उभा राहतो. टी-पेशींच्या व्यवहारात प्रश्न ‘किती’ याआधी ‘कोणती’ असा असतो. योग्य ग्राही असलेल्या पेशी नसतील, तर इतरांची रेलचेल व्यर्थ आहे.

या शब्दाचे खंडन वऱ्हाडाच्या इतिहासाने फार कठोरपणे केले आहे. १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाला महाराष्ट्रात ‘मानमोडी’ हे नाव पडले. जूनमध्ये मुंबई बंदरात दिसलेली ही साथ त्या वर्षाच्या उत्तरार्धात अंतर्भागात पसरली. पाऊस दगा देऊन गेलेला होता आणि धान्य महागले होते. यवतमाळ जिल्हा ज्यात होता तो मध्यप्रांत व वऱ्हाड हा हिंदुस्थानातील सर्वाधिक मृत्युप्रमाणाच्या प्रांतांपैकी होता. देशभरातील मृत्यूंचे अंदाज एक कोटीच्या बरेच वर जातात. आणि या साथीने विशेषतः वीस ते चाळीस या वयोगटातील माणसे नेली: नांगर धरणारी, कापूस वेचणारी, लेकुरवाळी. प्रतिकार ही जर शक्ती असती, तर मानमोडीने निवड उलट केली असती. भरवयात मृत्यू इतके का झाले याची अनेक कारणे सांगितली जातात. वयोवृद्धांना पूर्वी येऊन गेलेल्या एखाद्या सदृश विषाणूचा परिचय असावा, हे त्यांपैकी एक. कारण कोणतेही असो, परिचय आणि शक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वर्षाने दाखविले.

नावापुरते बोलावयाचे तर लोकांनी दिलेला शब्द वैद्यकाच्या शब्दापेक्षा सरस होता. ‘इन्फ्ल्युएंझा’ हे इटालियन नाव ग्रहताऱ्यांच्या प्रभावाच्या कल्पनेतून आले. म्हणजे ते अज्ञात कारणाचे खोटे नाव आहे. ‘मानमोडी’ने कारणाविषयी काहीच दावा केला नाही, रोगी कसा दिसतो तेवढे सांगितले. माणसातील या विषाणूचा शोध १९३३ पर्यंत लागला नव्हता हे लक्षात घेता, त्या मौनाला शास्त्रीय म्हटले पाहिजे.

लस आणि ‘कवच’ यांचे समीकरण हे आणखी एक अनर्थाचे मूळ. दरवर्षीची टोचून घ्यावयाची निष्क्रिय विषाणूंची लस प्रामुख्याने हीमॲग्लुटिनिनविरुद्धची प्रतिपिंडे निर्माण करते. तिच्याबाबत कवच हा शब्द निदान थोडा तरी लागू पडतो. टी-पेशींची स्मृती कवच नाही. ती संसर्ग रोखत नाही, कारण पेशी ग्रासली गेल्यावाचून तिचे कार्यच सुरू होत नाही. ती आजाराची मुदत आणि तीव्रता कमी करते. २००९ च्या साथीत लंडनमध्ये झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, विषाणूच्या आतील, फारशा न बदलणाऱ्या प्रथिनांना प्रतिसाद देणाऱ्या टी-पेशी ज्यांच्या रक्तात आधीपासून अधिक होत्या, त्यांचा आजार सौम्य राहिल्याचे दिसून आले. नवीन विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे त्यांच्याजवळ नव्हती. त्याच साथीत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० साली नाकावाटे देण्याची जिवंत, क्षीण केलेल्या विषाणूची लस आणली. क्षीण विषाणू नाकातील पेशींत वाढतो, त्यामुळे अशा लसीकडून टी-पेशींच्या प्रतिसादाची अधिक अपेक्षा केली जाते. हा भेद ‘कवच’ या एका शब्दाखाली गाडला गेला, म्हणजे लस घेऊनही ताप आलेला माणूस साहजिकच असे मानतो की, कवच फुटके निघाले. दोष लसीत शोधला जातो. तो शब्दात आहे.

मग या व्यवहाराला मराठीत धरावे तरी कशाने? जुन्या मराठीने एक म्हण तयार ठेवली आहे: शितावरून भाताची परीक्षा. टी-पेशीचे काम याच जातीचे आहे. सारा भात उपसून पाहिला जात नाही. एक शीत बोटांत दाबून निर्णय होतो. ज्याला शास्त्रकार उपलक्षण म्हणतात त्याची ही घरगुती आवृत्ती आहे. कावळ्यांपासून दही राखावयास सांगितले असता मांजरापासूनही ते राखावयाचे असते, हे उपलक्षणाचे प्रसिद्ध उदाहरण येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडते. एका प्रकारच्या इन्फ्ल्युएंझात भेटलेला आतील प्रथिनाचा तुकडा दुसऱ्या प्रकारातही तोच असला, तर कावळ्यावरून शिकलेली पेशी मांजरालाही हटकते. प्रतिपिंडांची तोंडओळख येथे सहसा तोकडी पडते.

म्हणीत एक भर मात्र घातली पाहिजे. टी-पेशी शीत बोटांनी उचलत नाही. ते तिच्यापुढे पळीत धरलेले असते, आणि पळी आपल्याच घरची असावी लागते. झिंकरनागेल-डोहर्टी यांच्या शोधाचे सार एवढेच. पळ्या घरोघरी वेगळ्या असतात. एच. एल. ए. प्रथिनांचे प्रकार हजारो आहेत. एका प्रकारच्या खाचेत बसणारा तुकडा दुसऱ्यात बसेलच असे नाही. एच. एल. ए.-बी-२७ च्या खाचेत बसणाऱ्या न्यूक्लिओप्रथिनाच्या एका तुकड्यात गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात असा बदल आढळला की, त्याचे दुसरे अमिनो अम्ल, आर्जिनीन, जाऊन त्या जागी ग्लायसीन आले. हे दुसरे स्थान पकडीचे. पकड सुटली, तुकडा खाचेत राहीना, आणि त्याच्यासाठी तयार असलेल्या टी-पेशी जागच्या जागी निरुपयोगी ठरल्या. त्या विसरल्या नव्हत्या. त्यांच्यापुढे शीत आलेच नाही. ‘विषाणूने वेषांतर केले’ असे वाक्य अशा वेळी लिहिले जाते, तेही चूकच. तोंड तसेच राहून पळीवरून घसरणे म्हणजे वेषांतर नव्हे.

या ठिकाणी भारतीय अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगावयास हवी. एम-१ च्या ज्या तुकड्याची कीर्ती वर सांगितली ती बहुतांशी एच. एल. ए.-ए-२ च्या ०२:०१ या, युरोपीय लोकांत विपुल असणाऱ्या, उपप्रकारावर आधारलेली आहे. भारतात ए-२ गटातील ०२:११ हा उपप्रकार बऱ्याच प्रमाणात आढळतो. दोन्ही खाचा सारख्या आहेत, पण एकच नव्हेत. परदेशी पुस्तकातून मराठीत आणलेले ‘मानवी टी-पेशी हा तुकडा ओळखतात’ हे वाक्य म्हणून क्रियापदाबरोबर विशेषणातही तपासावे लागेल. ‘मानवी’ म्हणजे कोणत्या मानवांच्या?

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न भाषेच्या अंगाने अधिकच टोकदार होतो. वणी, मारेगाव, झरी-जामणी, केळापूर, घाटंजी या तालुक्यांत कोलाम वस्ती आहे. त्यांची कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा, आणि तिचे सविस्तर वर्णन मरे एमेनो यांनी १९५५ च्या आपल्या ग्रंथात केले. विद्यापीठीय भाषाशास्त्राला कोलामीची रूपे तेव्हापासून परिचित आहेत. विज्ञानाची परिभाषा घडवणाऱ्या मंडळींनी मात्र तिचा विचार करण्याचे प्रयोजन कधी मानलेले दिसत नाही. संस्कृतोद्भव नवशब्द हिंदीभाषकाला व मराठीभाषकाला निदान ओळखीच्या धातूंनी हात देतो. ‘प्रतिजनसादरीकरण’ द्राविडी बोलीत नेताना तोंडी दुभाष्याच्या हाती काहीच लागत नाही. तो ते जसेच्या तसे ठेवतो किंवा गाळतो. शीत, पळी, भात, खूण, पटणे यांना मात्र प्रत्येक बोलीत सोबती सापडतो. सुबोधतेच्या भाबड्या आग्रहापोटी हे सुचविलेले नाही. घरगुती शब्दांनी सांगितलेला व्यवहार चुकीचा असेल तर तो ऐकणाऱ्याच्या लगेच ध्यानात येतो, कारण पळी आणि भात त्याच्या हाताखालचे असतात. मुख्यार्थाचा बाध त्याला जाणवू शकतो. सैनिकाच्या रूपकात ही तपासणी संभवत नाही.

आरंभीचे वाक्य या विचारानुसार पुन्हा लिहावयाचे झाल्यास ते साधारण असे होईल: ‘विषाणूने ग्रासलेली पेशी त्याच्या प्रथिनांचे लहान तुकडे आपल्या पृष्ठभागावर धरते, ज्या टी-पेशीचा ग्राही अशा तुकड्याशी जुळतो ती त्या पेशीला मारते, आणि तोच तुकडा पुन्हा आला तर तिच्या वंशातील पेशींना त्याची ओळख लवकर पटते.’ मूळ वाक्याच्या जवळजवळ चौपट शब्द झाले, आणि वृत्तपत्राचा संपादक त्यातले निम्मे कापील यात शंका नाही. कापताना त्याने ‘ग्रासलेली पेशी’ व ‘तुकडे’ एवढे ठेवले तरी चालेल. या नव्या वाक्यातही एक अडचण शिल्लक आहे: ‘त्याच्या प्रथिनांचे’ असे म्हणताना तुकड्याचे परकेपण आपण आपल्या ज्ञानातून पुरवतो. टी-पेशीला परके असे काही ठाऊक नसते. यौवनलोपी ग्रंथीत जे गाळले गेले त्याच्या बाहेरचे, एवढीच तिच्या लेखी परक्याची व्याख्या. नकाराने होणाऱ्या अशा व्याख्येला मराठीत एकशब्दी नाव अद्याप घडलेले नाही.